हद्दीबाहेरची शाळा

प्रवेशाचे दिवस आले की शिक्षण कार्यालयाच्या जिन्यापासूनच रांग लागायची. रांगेत आया असायच्या, बाप असायचे, एखादी गुडघे धरून बसलेली आजी असायची. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या कडेवर रडून रडून झोपलेलं धाकटं. आणि प्रत्येकाची विनवणी थोड्याफार फरकाने एकच.

"आमच्या पोराला त्या दुसऱ्या शाळेत घाला हो!"

शहराचे विभाग पाडलेले होते. ज्या विभागात तुमचं घर, त्याच विभागातली सरकारी शाळा तुमच्या मुलाची. पलीकडच्या शाळेत जागा रिकामी असली, ती तुमच्या खिडकीतून दिसत असली, तुमच्या मुलाला हवं ते तिथेच मिळणार असलं, तरी हद्द ओलांडायची नाही. ज्यांचा खिसा जड ते या रांगेत दिसतच नसत. खासगी शाळांच्या बस त्यांच्या मुलांना फाटकातून उचलून नेत. रांगेत उरायचे ते बाकीचे. तुमच्या-आमच्यासारखे.

रांगेच्या टोकाला, काचेच्या दाराआड, प्रवेशाच्या मॅडम बसत. सारं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं. मॅडमनी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता. ओळख सांगणाऱ्याला त्या दारातूनच परत पाठवत, आणि वरून फोन करवणाऱ्याचा अर्ज सगळ्यात खाली ठेवत. "नियम म्हणजे नियम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक चिडायचे, पण पाठीमागे म्हणायचे, "बाई कडक आहे, पण सरळ आहे." मॅडमना ते ठाऊक होतं. त्याचा त्यांना अभिमानही होता.

त्या वर्षी रांगेत त्यांचा सख्खा धाकटा भाऊ उभा होता.

भावाचं सोफा-खुर्च्यांच्या गाद्या नव्याने बसवण्याचं छोटं दुकान होतं. त्याच्या शर्टाला नेहमी फोमचा चुरा चिकटलेला असायचा, आणि आजही होता. तो ताईच्या घरी जाऊन बोलू शकला असता. पण भिडस्त माणूस. बहिणीला संकोच वाटायला नको म्हणून सकाळपासून सगळ्यांसारखा रांगेत उभा राहिला होता.

"तू?" मॅडम चमकल्या.

"मैनासाठी आलोय, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "तुला माहीतच आहे तिचं."

मॅडमना माहीत होतं. लहानपणापासून पोरीच्या तोंडाला क्षणाचीही विश्रांती नसायची, म्हणून त्यांनीच तिचं नाव मैना ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला आणि जाताना दोन्ही कानांचं ऐकणं बरंचसं घेऊन गेला. कानांना यंत्रं बसवली. पोर अर्धंमुर्धं ऐकायला लागली.

"आपल्या विभागातल्या मोठ्या शाळेत ते सभागृहाचं काम चाललंय ना," भाऊ सांगत होता, "दिवसभर ड्रिल चालू असतं. यंत्र लावलं की तो आवाज चौपट होऊन तिच्या कानात घुसतो. डोकं धरून बसते. यंत्र काढलं की शिक्षकांचं काही ऐकू येत नाही. वर्गात साठाच्या वर मुलं. सगळ्यात मागे बसवलंय तिला. मी पुलापलीकडच्या शाळेत जाऊन आलो, ताई. छोटी शाळा आहे, पण कमी ऐकू येणाऱ्या मुलांना शिकवायचं रीतसर शिकलेल्या एक शिक्षिका आहेत तिथे. बाकं रिकामी आहेत. त्या म्हणाल्या, कागद आणा, उद्यापासून बसवते."

मॅडमनी मान वर केली तर काचेपलीकडे सगळी रांग टक लावून पाहत होती. बहीण-भाऊ आहेत हे एव्हाना कुणीतरी कुजबुजलं होतं. आता बघू या मॅडमचा नियम, असं प्रत्येकाच्या डोळ्यांत होतं.

मॅडम उभ्या राहिल्या. दार उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा माझा सख्खा भाऊ आहे. पुलापलीकडची शाळा मागतोय. मी त्याला नाही म्हणते आहे! माझ्या भाचीला जो नियम, तोच तुमच्या मुलांना. आता तरी कुणी माझ्याकडे हद्दीबाहेरचं काही मागू नका!"

लेकी बोले, सुने लागे. बोलल्या भावाला, लागलं रांगेला. जिन्यापर्यंतची कुजबुज थांबली. मागची दोन-चार माणसं तर तिथूनच परत फिरली.

अर्जाची घडी घालून भावाने खिशात ठेवली आणि सगळ्यांच्या नजरांमधून, खाली मान घालून जिना उतरला.

दुपारी मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कार्यालयाची इज्जत आहे," ते म्हणाले. मॅडमना बरं वाटलं. मात्र घरी आल्यावर, सरकारी निवासस्थानाच्या त्या दोन खोल्यांत एकट्याने जेवताना घास काही नीट उतरला नाही.

त्यानंतर भावाचं येणं थांबलं. आधी दर रविवारी तो मैनाला घेऊन यायचा. मॅडमनी दोनदा फोन केला. भावजयीने उचलला आणि "दुकानात गर्दी आहे," म्हणाली. मॅडमनी मनाशी म्हटलं, राग आहे, जाईल. रागावलेल्या माणसाला वेळ द्यावा म्हणतात. त्यांनी वेळ दिला, इतका की वर्ष उलटलं.

पुढच्या प्रवेशांच्या आधी मोठ्या शाळेचं सभागृह जवळजवळ उभं राहिलं. बाहेरून चकचकीत दगड, आत उतरती बैठक, रंगमंच. आता दुसरा टप्पा होता: वातानुकूलन, मखमली पडदे, रंगीत दिवे. त्यासाठी लागणारा निधी शिक्षण समितीसमोर मांडायचा होता, आणि टिपण तयार करण्यासाठी साहेबांनी मॅडमना शाळा पाहून यायला सांगितलं.

मुख्याध्यापकांनी हौसेने सगळं फिरवून दाखवलं. मॅडमचं लक्ष मात्र नव्हतं. त्या म्हणाल्या, "सातवीचा वर्ग कुठे आहे?"

वर्ग सभागृहाच्या भिंतीला लागूनच होता. दारात पोचायच्या आधीच त्यांना तो आवाज जाणवला. कानांत तर शिरलाच, दातांतही शिरला. भिंतीपलीकडे ड्रिल चालू होतं. फळ्यापाशी एक थकलेले शिक्षक ओरडून ओरडून शिकवत होते. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पहिल्या दोन रांगा वर पाहत होत्या. बाकीची मुलं आपापल्या उद्योगात होती. एक मुलगी बाकावर डोकं ठेवून चक्क झोपली होती.

मॅडम सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. इथेच मैनाला बसवलं होतं. त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला. त्यांचे कान धडधाकट, तरी शिक्षकांचे फक्त ओठ हललेले दिसत होते. मध्येच ड्रिल थांबलं की एखादा शब्द कानावर पडायचा, "...म्हणून," किंवा "...समजलं का?" आणि पुन्हा घरघर सुरू.

तास संपल्यावर त्यांनी शिक्षकांना विचारलं, "मैना दिसत नाही. कमी ऐकू येणारी मुलगी?"

शिक्षकांनी कपाळावरचा घाम पुसला. "ती केव्हाच यायची बंद झाली, मॅडम. पहिल्या सहामाहीनंतर." थोडं थांबून ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू? सुरुवातीला मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी आहे. प्रश्न विचारला की नुसती बघत राहायची. दोन-चारदा रागावलोसुद्धा. नंतर कळलं, तिला ऐकूच येत नव्हतं. तोवर तिने येणं सोडलं होतं."

"तुम्ही कळवलं नाहीत?"

"कुणाला कळवू? दोन वर्ग एकत्र करून मी एकटा शिकवतोय. गणिताची जागा रिकामी आहे. विचारलं की सांगतात, नेमणुकीला निधी नाही." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे पुन्हा ड्रिल सुरू झालं होतं.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते मॅडमना त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात मोती नव्हता. मैना सहामाहीनंतर शाळेत गेलेली नाही आणि आपल्याला, प्रवेशाच्या मॅडमना, तिच्या सख्ख्या आत्याला, हे आज कळतंय! त्या तिथूनच भावाच्या दुकानाकडे निघाल्या.

दुकानात एक तीन आसनी सोफा उलटा पाडून ठेवला होता. त्याचे स्प्रिंग उघडे पडले होते, जुनं रेक्झिन सोलून बाजूला टाकलं होतं. सोफ्यापाशी उकिडवी बसून मैना काम करत होती. ती केवढी उंच झाली होती! कानांत यंत्रं नव्हती. ओठांमध्ये बारीक खिळे धरलेले होते. एकेक काढून ती पट्टीवर ठेवायची आणि हातोडीच्या एका ठोक्यात बसवायची. एकही ठोका चुकत नव्हता. सवयीचा हात होता.

"मैना," मॅडमनी हाक मारली.

तिने वळून पाहिलं नाही. पाहणार कशी?

आतून भाऊ आला. बहिणीला पाहून दारातच थबकला. मग एक स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "बसा."

जन्मापासून जो भाऊ "ताई, तू" म्हणत आला, तो आज "बसा" म्हणाला होता. शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

"शाळा का सोडली हिने? मला सांगायचं नाही का?" मॅडम म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला काही अधिकार उरलेला नाही.

उत्तर भावजयीने दिलं. ती मागे शिलाई मशीनवर बसली होती. तिने मशीन थांबवलं, पण मान वर केली नाही. "कुणाला सांगायचं, ताई? तुम्हाला सांगितलं होतं की. चारचौघांत सांगितलं होतं. त्या दिवशी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, ताईने नाही म्हटलं याचं दुःख नाही, पण मला दाखवून बाकीच्यांना पळवलं. बुजगावणं केलं माझं."

"जाऊ दे ते," भाऊ पुटपुटला.

"का जाऊ दे?" भावजयीचा आवाज चिरकला. "पोर रोज उलटी करून शाळेत जायची. शेवटी एक दिवस यंत्रं काढून डब्यात ठेवली आणि जाणारच नाही म्हणाली. तेव्हापासून इथे आहे. आधी खुणांनी तरी काही सांगायची. आता तेही नाही. खिळे ठोकते, जेवते, झोपते. आमच्या हद्दीत आता हीच शाळा!"

मैनाला कसलीतरी चाहूल लागली असावी. तिने वळून पाहिलं. आत्याला ओळखलं, हे नजरेत दिसलं. मग तोंडातला पुढचा खिळा काढला, पट्टीवर ठेवला आणि ठोकला.

मॅडम तिथे फार वेळ बसू शकल्या नाहीत.

त्यांना जायला एकच जागा होती. औषधांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर त्यांच्या जुन्या मुख्याध्यापिका राहत. वय झालं होतं, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण बोलणं अजून धारदार. सारे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मॅडमनी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सांगता सांगता रडल्या.

"मी भाचीसाठी नियम मोडायला हवा होता का, बाई?" शेवटी मॅडमनी विचारलं. "ओळखीवर एक प्रवेश दिला असता तर तिचं आयुष्य वाचलं असतं."

"मुळीच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "भावाला नाही म्हटलंस ते बरोबर केलंस. तो प्रवेश दिला असतास तर रांगेतल्या बाकीच्या मैना तशाच राहिल्या असत्या, आणि तू रात्री शांत झोपली असतीस. ते जास्त वाईट झालं असतं."

"मग माझं चुकलं कुठे?"

"अगं, इतकी वर्षं तू त्या खुर्चीत आहेस. दर वर्षी शेकडो लोक येऊन तुला सांगतात की आमच्या मुलाला ही शाळा मानवत नाही. तू कधी एकदा तरी उठून विचारलंस का, की हा नियम आहे कुणासाठी? प्रामाणिक होतीस गं तू. पण चुकीच्या दारावर प्रामाणिकपणे पहारा देत होतीस!"

मॅडममधला अधिकारी जागा झाला. "पण बाई, हद्द काढून टाकली तर सगळे चांगल्या शाळेकडेच धावतील. मोठी शाळा ओस पडेल."

"पडू दे असं मी म्हणत नाही. पण ती आज भरलेली आहे कशामुळे? चांगली आहे म्हणून? मुलांना बाहेर पडायची वाट नाही म्हणून ती भरलेली दिसते. थर्मामीटर फोडून टाकला म्हणून ताप जात नाही, बाळ. आईबापांना निवडू द्या. एखाद्या शाळेतून मुलं निघायला लागली की तुम्हाला कळेल काय बिघडलंय, आणि मग तिथे पैसा लावा. गणिताचा शिक्षक द्या. दगड कसले लावता?"

"पुलापलीकडे जागा कमी आहेत. अर्ज जास्त आले तर?"

"चिठ्ठ्या टाका. सगळ्यांसमोर. चिठ्ठीला ओळख कळत नाही." मोठ्या बाई जरा थांबल्या. "आणि एक लक्षात ठेव. नुसतं दार उघडून भागत नाही. पुलापलीकडे पोचायला ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला निवडीचा अधिकार दिला काय आणि न दिला काय! बस लावा. सभागृहाच्या पडद्यांसाठी पैसा आहे ना? मग बससाठीही आहे. तो पैसा तुझा नाही, तुझ्या साहेबांचाही नाही. रांगेत उभे राहणारे लोक मिठाच्या पुडीवरसुद्धा कर भरतात, त्यांचा आहे तो. त्यांच्या पैशाने त्यांच्याच पोरांचे कान फोडायचे, ही कुठली रीत?"

जिना उतरताना मॅडमनी एक गोष्ट ठरवली.

शिक्षण समितीची बैठक नेहमी कार्यालयाच्या वातानुकूलित दालनात होत असे. या वेळी निमंत्रणात ठिकाण वेगळं होतं: मोठी शाळा, सातवीचा वर्ग. साहेबांना वाटलं, सभागृहाच्या जवळ आहे, पाहणीही होईल. त्यांनी हरकत घेतली नाही.

समितीचे सदस्य बाकांवर कसेबसे मावून बसले. समितीतले एक वयस्कर डॉक्टर, एक वकीलबाई, दोन-तीन व्यापारी, अध्यक्ष. मॅडम टिपण घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. आणि भिंतीपलीकडे ड्रिल सुरू झालं.

"काय म्हणालात?" अध्यक्षांनी कानामागे हात नेला.

मॅडम वाचत राहिल्या.

"जरा मोठ्याने!" वकीलबाई ओरडल्या.

मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या. ड्रिल त्याहून मोठं झालं. बाकं थरथरत होती, अध्यक्षांच्या चहाच्या पेल्यात बारीक तरंग उठत होते. काही वेळाने डॉक्टर ताडकन उठले.

"बंद करा ते आधी! डोकं फुटायची वेळ आली! असं कुठे कामकाज चालतं का?"

शिपाई धावत गेला. ड्रिल थांबलं. वर्गात एकदम शांतता पसरली.

मॅडमनी टिपण बाजूला ठेवलं. "तुम्ही सांगितलंत आणि ते थांबलं, डॉक्टर. या वर्गातली मुलं वर्षभर सांगत होती. त्यांच्यासाठी कुणी थांबवलं नाही." त्यांनी मागे बोट दाखवलं. "त्या शेवटच्या बाकावर माझी भाची बसायची. तिला आधीच कमी ऐकू येतं. तिच्या बापाने माझ्याकडे दुसरी शाळा मागितली होती. मी नियम दाखवला. आज ती शाळेत नाही. तिच्यासारखी किती मुलं घरी बसली असतील, ते आपण कधी विचारलंच नाही. मी सगळ्यात कमी विचारलं. पुलापलीकडे बाकं रिकामी, इथे मुलं कोंबलेली, शिक्षकाला पगार द्यायला निधी नाही, आणि आपण आज इथे पडद्याचा रंग ठरवायला जमलोय!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, हा विषय आजच्या बैठकीत नाही."

"मग कुठल्या बैठकीत आहे, साहेब?" मॅडमनी विचारलं. "मी इतकी वर्षं वाट पाहिली. तो कधीच नव्हता."

बराच वाद झाला. एक व्यापारी म्हणाले, अर्धवट इमारत ठेवली तर लोक हसतील. वकीलबाई म्हणाल्या, हसू देत. अध्यक्षांना मधला मार्ग हवा होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मी इथे थोडा वेळ बसलो आणि माझी ही दशा झाली. त्या पोरांचा विचार करा." आणि पारडं फिरलं. ठरलं ते असं: शाळेच्या वेळेत बांधकाम बंद. सभागृहाचा दुसरा टप्पा पुढे ढकलून त्या निधीतून गणिताचा शिक्षक आणि पुलापलीकडे जाणारी एक बस. आणि शहरातल्या कुठल्याही सरकारी शाळेत रिकामी जागा असेल, तर ती हद्द न पाहता कुठल्याही मुलाला. अर्ज जास्त झाले तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून. फक्त एका वर्षासाठी.

या धाडसाची किंमत मॅडमना मोजावी लागली. महिन्याभरातच त्यांची बदली पाठ्यपुस्तकांच्या गोदामात झाली. काचेचं दार गेलं. पत्र्याचं छप्पर आणि धूळ आली. साहेब निरोपाच्या वेळी एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

बस सुरू झाली त्या सकाळी त्या भावाच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीतल्या इतर घरांतून मुलं निघाली. एका गवंड्याची दोन पोरं, एका परिचारिकेची मुलगी. बसमध्ये चढताना ती एकमेकांना ढकलत होती, हसत होती. चिठ्ठीत मैनाचाही नंबर लागला होता. पण मैना आली नाही.

"नाही म्हणते," भावजय म्हणाली. "दोन इयत्ता खालच्या वर्गात बसवणार. लहान-लहान पोरांत बसायची लाज वाटते तिला."

मॅडम आत गेल्या. मैनासमोर जमिनीवर बसल्या, तिला ओठ दिसतील असा चेहरा धरला आणि सावकाश म्हणाल्या, "माझं चुकलं, मैना. तेव्हा चुकलं. आणि नंतर तुला भेटायला आले नाही, तेही चुकलं."

मैनाने त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग तिने तोंड उघडलं. तिचा आवाज बदलला होता. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसलेल्या माणसासारखा सपाट, वरखाली न होणारा. "आधी का नाही आलीस, आत्या?"

बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि बस निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. गोदामात उशिरा पोचल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला, तरी त्या येत राहिल्या. भाऊ दर वेळी स्टूल सरकवायचा आणि "बसा" म्हणायचा. त्यापुढे काही नाही. पावसाळा सरत आला तेव्हा कधीतरी एका सकाळी मैनाने कुणाला काही न सांगता डब्यातून यंत्रं काढून कानांत घातली, दप्तर उचललं आणि बसमध्ये जाऊन बसली. आत्याकडे तिने पाहिलंही नाही.

पुलापलीकडच्या शिक्षिका आता तिला शिकवतात. त्या फळ्याकडे वळून बोलत नाहीत. आधी लिहितात, मग वर्गाकडे तोंड करून सांगतात. मैना पुन्हा वाचायला लागली आहे. पण त्या शिक्षिकांनी मॅडमना खरं तेच सांगितलं. "पोर हुशार आहे. तरी मधला काळ फार गेला. बोलणं कदाचित पूर्वीसारखं होणार नाही. मैत्रिणी करायला ती घाबरते. बघू या." मॅडमनी मान हलवली. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वर्ष संपलं की प्रयोग चालू ठेवायचा की नाही, हे समिती पुन्हा ठरवणार आहे. सभागृहाचे पडदे लावा, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. बैठक या वेळी वातानुकूलित दालनात होईल. मॅडम गोदामातून सुटल्यावर संध्याकाळी घरोघर जातात आणि आईबापांना एवढंच सांगतात, की त्या दिवशी दालनाबाहेर येऊन उभे राहा. काही जण हो म्हणतात. काही दार लावून घेतात. त्यांना अजून काचेआडच्या मॅडम आठवतात.

मित्रहो, ही कथा मॅडमची आहे, तशीच तुमची-आमचीही आहे. आपल्या गावात शाळेची नवी इमारत उभी राहिली की आपण मान वर करून पाहतो आणि टाळ्या वाजवतो. आत जाऊन शेवटच्या बाकावर बसून पाहणारे आपल्यात किती? सार्वजनिक पैसा दगडांवर जातोय की मुलांवर, हे विचारणं हे आपलंच काम आहे. आणि ज्या मुलाला एका शाळेत शिकता येत नाही, त्याला दुसरीकडे जाऊ देणं ही कुणी केलेली मेहेरबानी नाही. तो त्याचा हक्क आहे. थांबलेली इमारत पुढच्या वर्षी पुरी करता येते. थांबलेलं मूल मात्र तसं पुरं करता येत नाही. त्याची गेलेली वर्षं कुठल्याच निधीतून परत मिळत नाहीत!